कुरुळीहून आणलेला बोल्ट

आमच्या गावातून पिंपरी-चिंचवडला नोकरीला गेलेली माणसं मोजायला बसलं तर दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत. गणपतीला ती सगळी येतात, तिकडच्या ट्रॅफिकला शिव्या घालतात आणि पाच दिवसांनी त्याच ट्रॅफिकमध्ये परत जातात. पण तिकडचं प्रवासवर्णन कुणी लिहिल्याचं मला माहीत नाही. मी सतरा वर्षं गावच्या वाचनालयात पुस्तकं देते-घेते, तेव्हा असतं तर मला कळलं असतं. आमच्याकडे काश्मीरची आठ आहेत, युरोपची पाच आहेत, चाकणचं एकही नाही. मी जानेवारीत जाऊन आले. फिरायला नव्हते गेले. ज्याला कधी पाहिलंही नव्हतं अशा एका माणसाशी भांडायला गेले होते.

भांडण कशाचं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझा धाकटा भाऊ सुहास किनाऱ्यावर एटीव्ही चालवायचा. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: फुगीर टायरांची, चार चाकांची, वाळूत पळणारी मोटारसायकल. पर्यटक तिच्यावर बसतात, किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किंचाळत जातात आणि फोटो काढून उतरतात. सुहासकडे अशा दोन होत्या, त्यातली लाल ती लाडकी. त्याने लग्न केलं नाही, मी नवरा गेल्यावर माहेरी परत आले, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. लाल एटीव्ही ही तिसरी, आणि तिचे लाड माझ्यापेक्षा जास्त, असं मी त्याला चिडवायचे.

तिचं मूळ इंजिन मऊ वाळूत दोन जाड माणसांना ओढताना रडायचं. म्हणून सुहासने कंपनीचे पार्ट काढून बाहेरचे बसवले. मोठा कार्बोरेटर, मोकळा सायलेन्सर, क्लचच्या कडक स्प्रिंगा. ताकद वाढली आणि तिच्याबरोबर इंजिनाची गरमीही वाढली. एका मे महिन्यात तर ते भर किनाऱ्यावर जाम झालं. मग हँडलवर एक छोटा मीटर आला, इंजिन किती तापलंय त्याचा आकडा दाखवणारा. हे सगळं करून देणारा माणूस पुण्याच्या पलीकडे चाकणच्या रस्त्यावर कुरुळी गावात राहायचा. बालाजी त्याचं नाव. रोज संध्याकाळी गाडी झाकून ठेवली की सुहास त्याला फोनवर आवाजी मेसेज पाठवून दिवसभरातला सगळ्यात वरचा आकडा कळवायचा. पहिल्यांदा मी ऐकलं तेव्हा मला वाटलं हा मटका लावतो. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नव्हते.

गेल्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दिवाळीच्या पर्यटकांसाठी घरामागचं नारळीचं आगर साफ करताना सुहास दिवसभर चिखलात उभा होता. आठवड्याने ताप आला. चार दिवस तो घरी होता. मी गोळ्या देत होते, कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते, कुळथाची पिठी करून देत होते. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. त्याच आठवड्यात आमच्या वाचनालयात पुस्तकांचं प्रदर्शन होतं, मी घर आणि वाचनालय असे हेलपाटे घालत होते. आणि या चारही दिवसांत हा पठ्ठ्या अंगात ताप असताना उठून मागच्या खोपटीत, त्या लाल एटीव्हीवर जाऊन बसायचा आणि बालाजीशी फोनवर बोलायचा. घामाने भिजून परत यायचा. पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले. चिपळूणला नेलं. डॉक्टरांनी लेप्टो म्हणून सांगितलं, चिखलातून होणारा ताप; मूत्रपिंडं थांबली होती. तिसऱ्या दिवशी सुहास गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता.

माझ्या डोक्यात एकच बसलं. त्या कुरुळीच्या माणसाने आजारी माणसाला इंजिनापायी चार दिवस उभं ठेवलं, आणि माझ्या भावाने उरलीसुरली शक्ती एका यंत्रावर घालवली. सुहासचा फोन माझ्याकडे होता. तो मला उघडता येत नव्हता, पण आलेला मेसेज वर दिसायचा. 'भाऊ, बोल्ट तयार आहे.' 'भाऊ, कुरिअर करू का?' 'भाऊ, नाराज आहात का माझ्यावर?' तीन महिने ते मेसेज येत राहिले. मी वाचत राहिले आणि सुहास गेल्याचं त्याला कळवलं नाही. बस बोंबलत, असं मनात म्हणत होते. जानेवारीत एक आला: 'भाऊ, एकदा बोला तरी.' तो वाचून मी पिशवी भरली.

कासारवाडी

एसटीचा प्रवास सांगत नाही, कुंभार्ली घाटात माझ्या पुढच्या सीटवरच्या बाईंना जे झालं ते कुणालाही ऐकायचं नसेल. स्वारगेटला उतरून मी आयुष्यात पहिल्यांदा मेट्रोत बसले. ती आधी जमिनीखालून जाते आणि मग एकदम उजेडात वर येते. दापोडीच्या पुलावरून नदी दिसली, म्हणजे नदीचं पात्र दिसलं. पाणी काळं होतं आणि त्यावर जलपर्णीची हिरवी चादर. गाडीत कंपनीच्या गणवेशातली माणसं उभ्याउभ्या झोपत होती, आणि आपलं स्टेशन आलं की डोळे न उघडता उतरत होती. आमच्याकडे असं फक्त म्हशींना जमतं.

कासारवाडीला माझी मावसबहीण नलू राहते. तिचे यजमान निवृत्त झालेत, ती शाळेत शिकवते. मी आमसुलं आणि कुळथाचं पीठ नेलं होतं. तिने रात्री वांग्याची भाजी केली होती, दाण्याचं कूट घालून. आमटीत दाण्याचं कूट, काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट. आमच्याकडे नारळाशिवाय माणूस पोह्यांनाही हात लावत नाही, इथे नारळ फक्त गाडीच्या पूजेला. नलूला मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "तुझी जीभ अजून तशीच आहे. बरं वाटलं."

मी का आले ते तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"बोलून काय मिळणार आहे तुला?" तिने विचारलं.

"त्याला कळायला हवं, त्याच्यामुळे काय झालं ते."

"आणि मग?"

मग काय, याचा मी विचार केला नव्हता. मी म्हटलं, दमलेय, झोपते.

बुधवार, फुकट गेलेला

नाशिक फाट्यावरून चाकणची बस पकडली. मोशीपर्यंत बसायला जागा नव्हती आणि मोशीनंतर बसच हलत नव्हती. खिडकीशेजारी एक लांबलचक ट्रेलर उभा होता, त्यावर दोन मजल्यांत नव्या कोऱ्या गाड्या, सगळ्यांना पांढरं प्लास्टिक गुंडाळलेलं. त्या गाड्या बनवणारी माणसं आमच्या बसमध्ये एका पायावर उभी होती. इंद्रायणी ओलांडली तेव्हा एका आजोबांनी बसमधूनच हात जोडले. मीही जोडले. माझ्या बाजूचा माणूस म्हणाला, "मॅडम, उतरून चालत गेलात तर लवकर पोचाल," आणि तो थट्टा करत नव्हता.

कुरुळीला उतरल्यावर मला वाटलं होतं, गाव दिसेल. एका बाजूला गोठा, शेणाचा ढीग, कांद्याची रोपं. दुसऱ्या बाजूला चार मजली इमारत, प्रत्येक दाराबाहेर सहा-सहा जोड्या चपला आणि दोरीवर एकाच रंगाचे कंपनीचे शर्ट. मध्ये कुंपण नाही. विचारत विचारत बालाजीच्या शेडपर्यंत गेले. पत्र्याची शेड, कुलूप लावलेलं.

शेजारी ओट्यावर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. जागेची मालकीण तीच.

"बालाजीकडं आलाव व्हय? आज न्हाई गावायचा," ती म्हणाली. "आज बुधवार. त्यो कंपनीत जातोय. ह्ये समदं गुरुवारी उघडतंय."

"गुरुवारीच का?"

"आगं, गुरुवारी सुट्टी आसती न्हवं कंपनीला. तुमच्याकडं कवा आसती?"

रविवारी, मी म्हटलं. ती हसली. रविवारची सुट्टी काय कामाची, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो हे आमच्या गणपतीला येणाऱ्या शहाण्यांपैकी कुणी मला सांगितलं नव्हतं. एवढं तावातावाने आले आणि कुलपाशी भांडून परत जायची पाळी आली.

म्हातारीने मला पाणी दिलं, मग गुळाचा चहा दिला, आणि मी न विचारता बालाजीचं कौतुक सुरू केलं. लातूरकडचा आहे. कंपनीत लेथवर काम करतो. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी स्पर्धेसाठी एटीव्ही बनवली होती, ती दुरुस्त करून देता देता हे शिकला. "माझा गुडघा दुखतोय तर त्यो मला दर म्हैन्याला डॉक्टरकडं घिऊन जातोय, पोटचा ल्योक न्हाई येत. आमी त्याला कधी भाडेकरू म्हटलंच न्हाई," ती म्हणाली. मला ते ऐकायचं नव्हतं. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याबद्दल चांगलं ऐकून घेणं हा मोठा त्रास असतो. मी चहा तसाच टाकून उठले.

गुरुवार

दुसऱ्या दिवशी शेड उघडी होती. आत एक एटीव्ही पोट उघडून पडली होती आणि भिंतीला लावलेल्या फळ्यांवर लहान-लहान प्लास्टिकचे डबे होते. प्रत्येक डब्यावर पांढरी पट्टी आणि त्यावर किनाऱ्याचं नाव: नागाव, काशीद, हर्णे, तारकर्ली. गिऱ्हाइकाचं नाव नाही, किनाऱ्याचं. मी आमच्या गावाचं नाव शोधलं. दुसऱ्या फळीवर, कडेला होतं.

बालाजी पस्तीस-छत्तीसचा, सडपातळ, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. मी म्हटलं, "मी सुहासची बहीण."

त्याचा चेहरा असा उजळला की मी पाठ केलेलं पहिलं वाक्यच विसरले.

"ताई! अगं, ताई आल्या बघ!" त्याने मागच्या खोलीकडे पाहून बायकोला हाक मारली. "बसा, बसा की. भाऊ कुठंय? बाहेर थांबलाय का? लई रुसलाय माझ्यावर, तीन महिने बोलंना झालाय. थांबा, त्याची वस्तू आधी दावतो तुम्हाला."

मला तोंड उघडायला न देता त्याने आमच्या गावाचा डबा खाली काढला. आतून कापडात गुंडाळलेला एक बोल्ट काढला. अंगठ्याएवढा, चकचकीत, मधून पोकळ, आणि त्या पोकळीतून बाहेर आलेली एक बारीक वायर.

"भाऊनंच मागितला होता. आत्ताचा जो सेन्सर हाय ना, तो प्लगाखाली, इंजिनाच्या डोक्यावर हाय. तुमच्याकडचे एटीव्हीवाले काय करतात, मीटरवर आकडा वाढला, गिऱ्हाईक घाबरलं, की वरून बाटलीभर पाणी मारतात. डोकं थंड होतं, आकडा झटक्यात खाली येतो, की निघाले पुढच्या फेरीला. आतलं ऑइल तसंच उकळायलंय! भाऊचं इंजिन तसंच तर जाम झालं होतं. भाऊ म्हणला, बाल्या, असं काहीतरी कर की पाणी मारून फसवता येणार न्हाई. म्हणून हा. खालचा ऑइल सोडायचा बोल्ट काढायचा, हा लावायचा. सेन्सर थेट ऑइलमध्ये. हळू चढतंय, हळू उतरतंय, पण खरं सांगतंय."

त्याने तो माझ्या तळहातावर ठेवला. जड होता.

"सुहास गेला," मी म्हटलं.

"कुठं गेला?"

मी बोल्ट मुठीत मिटला. त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो उघड्या एटीव्हीच्या चाकाला टेकून खालीच बसला. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. "कधी?" त्याने विचारलं. मी सांगितलं, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात.

"मी मेसेज टाकायलो होतो," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलंच न्हाई."

खरं तर तिथेच मला थांबायला हवं होतं. पण तीन महिने साठवलेलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी पाहून मला आणखीच राग आला. मी अहो-जाहोसुद्धा सोडलं.

"चार दिवस त्याला ताप होता. चारही दिवस तू त्याच्याशी बोलत होतास. तो मरायला टेकलेला माणूस उठून त्या खोपटीत जात होता, तुझ्याशी बोलायला. काय एवढं होतं रे त्या इंजिनात? एकदा तरी म्हणालास का त्याला, की बाबा, पडून राहा?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने पँटला हात पुसले, खिशातून फोन काढला, बराच वेळ बोट वर-वर सरकवत त्या चार दिवसांचे आवाजी मेसेज शोधले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"इंजिनाचं न्हाई बोललो, ताई. तुम्हीच ऐका."

फोनमधून आधी समुद्र आला. आमचा समुद्र, खोपटीतून ऐकू येतो तसा. मग सुहास.

"बाल्या, गाडी नाही काढली आज. मलाच ताप आहे. एकशे तीन."

मग बालाजीचा आवाज: डॉक्टरला दाखवा, भाऊ. मग पुन्हा सुहास: "ताईने गोळी दिली, पट्ट्या ठेवल्या. आता नव्याण्णव. उतरला रे." दुसरा दिवस: "पुन्हा एकशे तीन. पोटऱ्या भयंकर दुखतायत." तिसऱ्या दिवशी बालाजीचा आवाज मोठा झाला होता: "भाऊ, हे तुमच्या त्या एटीव्हीवाल्यांसारखं चाललंय. वरून पाणी मारायलाव, आकडा खाली यायलाय, अन् आत तसंच गरम. गोळीच्या आधी किती असतो ते बघा. उद्या सकाळी दवाखान्यात जावा. जावाच."

चौथा दिवस. सुहास हसत होता, पण दम लागत होता त्याला.

"अरे, आकडा खाली आला की ताईला बरं वाटतं. रात्रभर उशाशी बसते. नव्याण्णव दिसला की तासभर डोळा लागतो तिचा. उद्या तिच्या वाचनालयाचं प्रदर्शन आहे, तेवढं होऊ दे. परवा जातो. आणि हे बघ, तिच्याकडे नको हं बोलूस, घाबरेल. म्हणून तर इथे येऊन बसतो."

आणि त्याच्या मागे, लांबून, बाईचा आवाज: "सुहास! कुठे गेलास? आत ये, पट्टी बदलायची आहे."

तो आवाज माझा होता.

त्यानंतर शेडमध्ये काय झालं ते मला नीटसं आठवत नाही. मी स्टुलावर बसले होते आणि मुठीत तो बोल्ट होता. माझ्या भावाला पाणी मारून मीच फसवत होते. थर्मामीटर झटकायचा, गोळीने ताप उतरेपर्यंत थांबायचं, मग लावायचा आणि नव्याण्णव वाचून दाखवायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या रकान्यात, मी प्रत्येक वेळी ९९ लिहिलं होतं. एकशे तीन एकदाही लिहिलं नव्हतं. तो आकडा मला बघायचाच नव्हता.

बालाजी म्हणाला, "ताई, चुकलं माझं. मी गाडी करून यायला पाहिजे होतं. परवा जातो म्हणला अन् मग काही बोललाच न्हाई. मला वाटलं बरा झाला, अन् मी रागावून बोललो म्हणून नाराज झाला."

तीन महिने तो असं समजत होता. मी सुहासच्या फोनवर त्याचे मेसेज वाचत होते आणि गप्प बसत होते. मी हे त्याला सांगितलं. कसं सांगितलं माहीत नाही, पण सांगितलं, आणि माफी मागितली. तो "असू द्या, असू द्या" म्हणत होता आणि चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत होता.

"तो शेवटचा मेसेज पुसून टाकू का?" त्याने विचारलं.

"नको. माझ्या फोनवर पाठवा."

त्याच्या बायकोने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीच्या भाकऱ्या आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ, गावाकडून येतं म्हणाली. सुहास इथे दर वर्षी याच पाटावर बसून जेवायचा आणि आमटी दोनदा मागून घ्यायचा, असं ती म्हणाली. मला त्याने कधी सांगितलं नव्हतं. घरी तर आमटी कशीही केली तरी नाक मुरडायचा.

निघताना बालाजी बस थांब्यापर्यंत आला. मी त्याला म्हटलं, एकदा आमच्याकडे या सगळे. तो म्हणाला, "समुद्र मी पाहिलाच न्हाई अजून, ताई. दहा किनाऱ्यांच्या गाड्या केल्या. पण गुरुवारचा एक दिवस मिळतो, त्यात कुठं जाणं होतंय. भाऊ आकडा सांगायचा तेव्हा मागं आवाज यायचा, तेवढाच ऐकलाय."

परत

नलूने दार उघडलं आणि विचारलं, "बोललीस त्याला?" मी म्हटलं, बोलले. मग तिला सगळं सांगितलं, पट्ट्यांचं आणि कॅलेंडरचंसुद्धा. तुझ्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं, असं ती म्हणाली. सगळे हेच म्हणतील, आणि ते खरंही असेल, पण सुहासच्या उशाशी कुणीही नव्हतं, मी होते. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी पकडली. पूर्ण प्रवास बोल्ट पिशवीत न ठेवता ओच्यात बांधून आणला. कराडला पोलिसांनी तपासणीत त्याची ती वायर पाहिली असती तर माझी पंचाईत झाली असती.

गावातल्या मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्याकडून तो बोल्ट बसवून घेतला. बालाजी फोनवरून सांगत होता, कुठली वायर कुठे, किती आवळायचं. लाल एटीव्हीला तीन महिन्यांनी किल्ली लावली. दोनदा खोकली आणि चालू झाली. मी एटीव्हीवर कधी बसले नव्हते, त्या दिवशी खोपटीत बसले. मीटरवर सव्वीस होते. खूप वेळ सव्वीसच. मग एकेक करत चढू लागले. बहात्तरला मी इंजिन बंद केलं. पाण्याची बाटली शेजारीच होती. पण सुहासने मागितलेली वस्तू खरंच तसं करते का ते मला बघायचं होतं. बाटलीभर पाणी मी इंजिनाच्या डोक्यावर ओतलं. चर्र झालं, वाफ आली. मीटरवर एकाहत्तर. पाच मिनिटांनी अडुसष्ट. फसत नव्हता.

मी बालाजीला आकडा पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं, बरोबर आहे ताई, आणि मागे कुठलंसं मशीन चालू होतं. मग मी फोन समुद्राकडे धरून एक मिनिटभर त्याला लाटा पाठवल्या.

त्यानंतर सुहासचा तो शेवटचा निरोप लावला. कुरुळीनंतर दुसऱ्यांदाच. तो हसला, त्याला दम लागला. नव्याण्णव दिसला की तासभर डोळा लागतो तिचा, तो म्हणाला. परवा जातो असंही म्हणाला. मग मागून माझी हाक आली. मी जिथे बसले होते तिथेच, त्याच सीटवर बसून तो हे म्हणाला होता.

"परवा नाही," मी मोठ्याने म्हटलं. "ऊठ, सुहास. प्रदर्शन गेलं खड्ड्यात. गाडी सांगितलीय मी. आत्ता दवाखान्यात चल."